न हलवायचा पाळणा

मी एक जुनी परडी आहे, मित्रांनो. परडी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे फुलं, अंडी, नाहीतर बटाटे आले असतील, तर ते आधी बाहेर ओता. मी जन्मात बटाटा उचललेला नाही. माझ्या कुशीत आजवर एकच जिन्नस निजला, तो म्हणजे बिअरची बाटली. आणि तीही आडवी.

तुम्ही लहान असाल, तर बिअर तुमच्या कामाची नाही. पण निगा कुठल्याही वयाला कामाची असते, म्हणून बसा. मोठे असाल, तर तुम्हीही बसा. तुमच्या फ्रिजच्या दारात काय काय उभं करून ठेवलंय ते मला न बघता दिसतं, आणि त्यावरून तुमच्याविषयी माझं काय मत झालंय ते पुढे कळेलच.

माझा जन्म बेल्जियममधल्या झेन नदीच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांमधला. ब्रसेल्सहून सायकलनं निघालं तर जेवणवेळेला पोचावं, एवढ्या अंतरावर आमचं गाव. आमच्या ओढ्याकाठी वाळुंजाची झाडं रांगेनं उभी असतात. काही हिवाळे गेले की माणसं त्यांची डोकी छाटतात, आणि मग त्या बोडक्या डोक्यांवर पिवळट फोकांचं रान माजतं. असल्याच एका बोडक्या झाडाची मी लेक.

मला विणलं सिडोनीनं. नालबंद ओडिलशी लग्न करून ती नुकतीच या घरात आली होती, आणि सासरची जुनी परडी उंदरांनी खाऊन टाकली होती. त्या थंडीत तिनं फोक कापून आणले, ओढ्याच्या पाण्यात भिजत घातले, सोलले, आणि चुलीपाशी बसून मला विणायला घेतलं. बोटं चिरली, तेव्हा ती पाण्यात बुडवून पुन्हा बसली. सासूबाई खुर्चीतून बघत होत्या.

"सूनबाई, तुझ्या माहेरी परड्यांतून कोबी नेतात म्हणे. हिच्यात बाटली निजवायचीय. कोबी आपटला तरी कोबीच राहतो."

"मग तुम्ही विणता का?" सिडोनी म्हणाली.

विणून झाल्यावर सासूबाईंनी मला उलटीपालटी करून पाहिलं, तळाशी नख घातलं, आणि एवढंच म्हणाल्या, "मान जरा उंच ठेवलीयस, ते बरं केलंस." त्या घरातली ही पहिली आणि शेवटची स्तुती. ती माझ्या वाट्याला आली की सिडोनीच्या, हे अजून ठरलेलं नाही.

मान उंच का, ते सांगते. आमच्याकडच्या बिअरला ख्यूझ म्हणतात. ती उघड्या हौदात रानवाऱ्यानं आंबते आणि मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं पडून राहते. तिला घाई चालत नाही. ओडिल बिअरच्या कारखान्यातून एक जुनं पिंप आणि एक कोवळं पिंप घरी आणायचा, तळघरात दोन्ही चाखून बघायचा, आणि आपल्या जिभेच्या हिशेबानं त्यांची सोयरीक जुळवायचा. मग सिडोनी बाटल्या भरायची. बूच ठोकलं की बाटली आडवी निजवायची. बूच बिअरनं ओलं राहिलं पाहिजे. बाटली उभी ठेवलीत की बूच सुकतं, आकसतं, वारा आत शिरतो, आणि बाटलीत बिअरचं मढं उरतं. निजवल्यावर साका हळूहळू खालच्या कुशीला बसतो. कुठली कुशी वर आणि कुठली खाली हे विसरू नये, म्हणून वरच्या अंगावर खडूची पांढरी रेघ. बाटली कधी हलवायची झाली तर रेघ आभाळाकडेच राहिली पाहिजे. आमच्या गावात पोराचा वाढदिवस विसरलेला माणूस चालतो. रेघ विसरलेला माणूस चालत नाही.

सिडोनी बाटल्या निजवताना गुणगुणायची.

*नीज नीज माझ्या बाळा, वर काळोखाची शाल,*
*हलवीना मी पाळणा, तळी बसो सारा गाळ.*

तर मी हा असला पाळणा. जगातले सगळे पाळणे हलवायचे असतात, मी तेवढी न हलवायची. बाटली तळघरातल्या फळीवर जशी निजली असेल तशीच, रेघ वर ठेवून, माझ्या कुशीत यायची. मान किंचित उंच, म्हणजे बूच काढलं तरी सांडायला नको. मग पायऱ्या चढून टेबलापर्यंत. घोड्यांच्या खुरांवर खिळे ठोकणारा तो दांडगा ओडिल मला घेऊन चढायला लागला की पाय असे टाकायचा, जणू घरात कुणाचा नुकताच डोळा लागलाय.

रविवारी प्रार्थना आटोपली की टेबलावर पाव, मऊ पांढरं चीज, मुळे, कांद्याची पात. पेले जाड बुडाचे. ते थंड पाण्यानं विसळलेले आणि पुसायचे नाहीत. साबण तर त्यांनी पाहिलेलाच नसायचा. साबणाचा तवंग राहिला की फेस उभाच राहत नाही, आणि फेस नसलेली बिअर म्हणजे न बोलणारा पाहुणा. ओडिल सगळे पेले ओळीनं मांडायचा. बाटली माझ्यातच निजलेली. तो मला तिरकी करायचा आणि पहिल्या पेल्यापासून शेवटच्यापर्यंत मनगट न थांबवता जायचा. मध्येच बाटली सरळ केलीत की साका उठतो, आणि उठलेला साका काही पुन्हा तुमच्या सोयीनं बसत नाही. पेल्यांत उतरायची ती नितळ, पिकल्या गव्हाच्या काडीच्या रंगाची. खिडकीपाशी धरली तर पलीकडचं सफरचंदाचं झाड उलटं दिसायचं.

"ओडिल," त्याचा धाकटा भाऊ रेमी म्हणायचा, "ही परडी आहे की पालखी? माझ्या बायकोलाही लग्नात एवढं जपून आणलं नव्हतं."

"दिसतंच ते," ओडिल म्हणायचा.

मी तेव्हा तरुण होते. मला वाटायचं, जग असंच आहे. सगळ्या घरांत तळघर असतं आणि सगळ्यांना मनगट असतं.

पुढे जग दिसत गेलं, आणि माझं मन त्यावरून उडत गेलं. एकदा ब्रसेल्सहून एक गृहस्थ आले, त्यांनी बर्फ मागितला. ओडिलनं त्यांना पाण्याच्या पेल्यात घालून दिला, आणि बिअर परत नेली. एका चुलतबहिणीनं भेट मिळालेली बाटली खिडकीत उन्हाला ठेवली होती, रंग छान दिसतो म्हणून. उघडली तेव्हा ओल्या कुत्र्याचा वास आला, आणि म्हणते कशी, "तुमचीच बिअर नासकी!" काही जण बाटलीला तोंड लावून पितात. वासरं बरी, ती निदान आईच्या आचळाला तरी तोंड लावतात. काही जण पेला बर्फाच्या कपाटात गोठवतात आणि जिभेला काहीच कळू नये याची तजवीज करून मग "वा!" म्हणतात. तुमच्यापैकी कितीजण, ते मी विचारत नाही. मान खाली घालायची असेल तर घाला.

मग आमच्याही स्वयंपाकघरात फ्रिज आला. पांढरा, ठेंगणा, दिवसभर गुरगुरणारा. दार उघडलं की त्याच्या पोटात दिवा लागतो. ज्याच्या पोटात दिवा आहे त्याच्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं मत तेव्हाच झालं. सिडोनीनं त्यात लोणी ठेवलं, दूध ठेवलं. बाटली कधी ठेवली नाही.

आणि एका वसंतात सिडोनी गेली. आजार लांबला नाही. त्याच्या आदल्या थंडीत तिनं आणि ओडिलनं बाटल्या भरल्या होत्या, त्या तळघरात मागच्या भिंतीशी निजलेल्या. रेघा तिच्याच हातच्या. ओडिलनं त्या उघडल्या नाहीत. दुसऱ्याही उघडल्या नाहीत. मला त्यानं तळघराच्या दाराशी खुंटीवर अडकवलं, आणि रविवारी तो पावाबरोबर कॉफी प्यायला लागला.

मित्रांनो, खुंटीवरचं जिणं फार वाईट. धूळ बसते याचं काही नाही, धुळीला निदान बसायची रीत असते. पण दाराजवळून रोज माणूस जातो आणि आपल्याकडे बघत नाही, हे लागतं. एका कोळ्यानं माझ्या तोंडावर जाळं विणलं. चांगलं विणलं होतं. त्या घरात हातानं काही करणारा तो एकटाच उरला होता.

मग ओडिल पडला. तळघराच्या नव्हे, दारासमोरच्याच पायऱ्यांवर, भर दुपारी. हाड मोडलं नाही, पण गुडघा तेव्हापासून वेगळंच बोलायला लागला. त्याची लेक ग्रीत आली. ती हॉलंडात, रॉटरडॅमला राहायची, तिकडच्याच यूप नावाच्या माणसाशी तिनं संसार मांडला होता. यूप तिथल्या हॉस्पिटलात नर्सचं काम करायचा.

"बाबा, तुम्हाला एकटं राहता येणार नाही," ग्रीत म्हणाली. "आम्ही इकडे येतो. वरच्या खोलीत राहू. यूपला जवळच्या हाल गावातल्या हॉस्पिटलात काम मिळतंय. मला घरी यायचंय."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर हालच्या वृद्धाश्रमात जागा आहे. डॉक्टर तिसरा रस्ता ठेवत नाहीत."

ओडिलनं गुडघा चोळला. "तो हॉलंडकर माझ्या घरात?"

"त्याला नाव आहे, बाबा."

"असेल. जत्रेच्या रविवारी या. त्या दिवशी सांगेन."

मी खुंटीवरून ऐकत होते. ग्रीत घराबाहेर पडताना तिनं दाराच्या चौकटीवर तळवा ठेवला आणि जरा तसाच राहू दिला. तिला या घरात परत यायचं होतं, हे म्हाताऱ्याला दिसलं नसेल तर त्याचा गुडघा नव्हे, डोळेच गेले होते.

जत्रा आली. शनिवारीच ग्रीत आणि यूप आले. यूप उंच, हसरा, लाल कानांचा. वाईट नव्हता, मित्रांनो. वाईट माणसांपासून वस्तू वाचतात. ती हात लावतच नाहीत. दुपारी ओडिल आणि ग्रीत सिडोनीच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले, आणि यूपला वाटलं, तेवढ्या वेळात म्हाताऱ्याला खूश करावं. त्यानं तळघराचं दार उघडलं, दिवा लावला, आणि कोळिष्टकं बघून तो कळवळला. जखम बघितल्यासारखा.

मग त्यानं पाणी तापवलं.

मी जे पाहिलं ते सांगताना माझ्या काड्या अजून कुरकुरतात. त्यानं साबणाच्या पाण्याची बादली खाली नेली. एकेक बाटली उचलली, खसाखसा घासली, डोळ्यांसमोर धरून गोल फिरवली, डाग राहिला का बघायला. राहिला की पुन्हा घासली. फडक्यानं कोरडी केली. मग प्लॅस्टिकच्या खोक्यांत उभी केली. उभी! सैनिकांसारखी, रांगेत. झरोक्याची फळी काढून ऊन आत घेतलं. एक बाटली वर नेऊन त्या दिवेवाल्या फ्रिजमध्ये ठेवली, उद्या लागेल म्हणून. शेवटी त्याची नजर माझ्यावर गेली. मलाही आंघोळ घातली, उन्हात वाळवलं आणि पुन्हा खुंटीवर टांगलं. माझा कोळी नाल्यात वाहून गेला. हे सगळं करताना तो शीळ घालत होता.

शीळ चांगली घालायचा, हे मान्य.

रविवारी रेमी आला, जत्रेची टोपी घालून. टेबलावर पाव, पांढरं चीज, मुळे, पात. ओडिलनं नवा सदरा घातला होता. तो दाराशी आला, खुंटीवरून मला काढलं, आणि थबकला. मला त्यानं नाकाशी नेलं. गुडघा सांभाळत पायऱ्या उतरला.

खाली तो बाटल्यांपाशी गेला. त्यानं एका बाटलीवर अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. अंगठ्याला खडू लागलाच नाही. झरोक्यातलं ऊन बाटल्यांवर पडलं होतं आणि त्या चमकत होत्या, दुकानातल्यासारख्या. त्यानं झरोका लावून घेतला. मग मला तशीच रिकामी घेऊन वर आला आणि टेबलावर ठेवलं.

"खाली कोण गेलं होतं?"

यूप उठून उभा राहिला. कान आणखी लाल, तोंडभर हसू. "मी, बाबा. तुम्हाला चकित करायचं होतं. कोळिष्टकं किती होती म्हणून सांगू! सगळ्या बाटल्या गरम पाण्यानं, साबण लावून..."

"आंघोळ घातलीस."

"हो. म्हणजे, धुतल्या."

"केस विंचरलेस की नाही त्यांचे?" रेमी म्हणाला.

"रेमी, गप्प बस. आणि रेघा?"

"कसल्या रेघा?"

"पांढऱ्या."

"ते डाग होय? निघाले ना! जरा जोर लावावा लागला, पण एक राहू दिला नाही."

ग्रीतनं डोळे मिटून घेतले. तिला सांगायला उशीर झाला होता, एका दिवसानं नव्हे, पुष्कळ वर्षांनी. रॉटरडॅमच्या घरात तिनं यूपला रेघेचं कधी सांगितलंच नव्हतं. तिथे तळघर नव्हतं, मग सांगायचं कशाला.

"हॉलंडकर," रेमी म्हणाला, "तुमच्याकडे पाहुण्याला एक बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात असं ऐकलं होतं. तू तर बाबा डबाच धुऊन ठेवलास."

"रेमीकाका, पुरे," ग्रीत म्हणाली.

यूपचं हसू हळूहळू उतरलं. "माझं काही चुकलं का? मी पुन्हा लावतो तशाच. कशा होत्या तेवढं दाखवा."

"कशा होत्या ते त्यांच्यावर लिहिलेलं होतं," ओडिल म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "माझ्या बायकोच्या हातानं. मागच्या भिंतीशी होत्या त्या तिच्या शेवटच्या. आज त्यातली एक काढणार होतो. सगळ्यांना पाजणार होतो, आणि मग सांगणार होतो."

"काय सांगणार होता, बाबा?"

"आता काही नाही. उद्या हालला फोन कर. तिथं बाटल्या नसतात. धुवायला काही उरतच नाही."

"बाबा!"

"हा माणूस माझ्या घरात राहणार नाही. झालं सांगून."

त्यावेळी मी कुणाच्या बाजूनं होते, हे तुम्ही ओळखलंच असेल. मला आनंद झाला. लपवत नाही. साका उठवणाऱ्याला उठवून बाहेर काढावं, यात मला काही गैर दिसलं नाही.

ग्रीत उठली. तिनं मला घेतलं नाही. ती सरळ तळघरात उतरली आणि वर आली ती बाटलीची मानगूट धरून, उभी. पायऱ्या धाडधाड चढली. बाटली टेबलावर आपटली. मी शेजारीच रिकामी पडले होते, माझ्या काड्या शहारल्या.

"ग्रीत, राहू दे," यूप पुटपुटला. "मी स्टेशनवर जातो."

"बस तू."

तिनं बूच उपसलं. फेस उसळला, तिच्या मनगटावरून ओघळला, टेबलावरच्या कापडात शिरला. तिनं पेले ओढले आणि ओतलं, थांबत, पुन्हा ओतत, बाटली कशीही वाकडी करत. पेल्यांत उतरलं ते गढूळ, कणकेच्या परातीच्या धुवणासारखं. एक पेला तिनं बापापुढे सरकवला.

"हे मी पिणार नाही," ओडिल म्हणाला.

"का?"

"डोळे नाहीत का तुला? गढूळ आहे."

"आई हेच प्यायची."

रेमीच्या हातातला मुळा हातातच राहिला.

"काहीतरीच बोलू नकोस," ओडिल म्हणाला. "सिडोनीनं माझ्या घरात गढूळ पेला? मी जन्मात कधी गढूळ ओतलेलं नाही."

"तुम्ही नाही ओतलंत. तुमचे पेले नितळ भरले की तुम्ही परडीसकट बाटली आत पाठवायचात. तळाशी काय उरायचं, बाबा? ते ती प्यायची. ओट्याशी उभ्यानं, एका हातानं रस्सा ढवळत. मी तिथेच बसून अभ्यास करायचे. दर रविवारी. ही बिअर तिनं भरली, तिनं निजवली, तिनं रेघा मारल्या, आणि नितळ पेला तिनं कधी पाहिला असेल तर तो तुमच्या हातात."

खरं होतं ते, मित्रांनो. टेबलावरून आत जाताना बाटली माझ्याच कुशीत असायची. उरलेलं ती स्वयंपाकघरातल्या साध्या पेल्यात उपडं करायची, हेही मी पाहिलेलं. तुम्हाला इतकं सगळं सांगितलं, रेघ सांगितली, मनगट सांगितलं, त्यात हे आलं नाही. कारण ते सांगण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. ते ओतून झाल्यानंतरचं होतं. भांडी घासण्यापैकी.

ओडिल पेल्याकडे बघत होता. फेस खाली बसत चालला होता.

"तिला आवडायचं का ते?" त्यानं विचारलं.

"कुणी विचारलं तिला?"

बाहेर जत्रेचा बँड कोपऱ्यावरून वळला आणि लांब गेला. कुणी खिडकी लावली नाही. ओडिलनं पेला उचलला. मोठे हात त्याचे, पेला त्यात मावेनासा झाला. त्यानं पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग दुसरा घेतला. तिसरा बराच वेळ तोंडात धरला. मी त्याला कितीतरी वर्षं पिताना पाहिलं आहे. पिताना तो नेहमी पेला उजेडाला धरायचा. या वेळी त्यानं डोळे मिटले होते. साका जिभेला लागत असणार, ओल्या भुशासारखा, पिठाळ, कडवट. तो थांबला नाही. तळाशी उरलेलंही त्यानं पेला हलवून घेतलं, आणि मग रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

रेमीनंही आपला उचलला. एकही टोमणा मारला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, बहुतेक.

"वरच्या खोलीत," ओडिल शेवटी म्हणाला. त्यानं पेला खाली ठेवला. "वरच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यात पाणी गळतं. पलंग लावाल तेव्हा भिंतीपासून हातभर लांब लावा."

ग्रीतनं ओलं मनगट स्कर्टला पुसलं, आणि पुसतच राहिली.

"गळती मी काढतो ना," यूप घाईघाईनं म्हणाला. "शिडी असेल तर आत्ताच..."

"तू कशाला हात लावू नकोस!" ओडिल कडाडला. मग जरा थांबून, "आधी विचार. मग लाव."

तर ते दोघं आता वरच्या खोलीत राहतात. खालच्या बाटल्या यूपनं पुन्हा आडव्या निजवल्या. एकेकीपाशी थांबून तो हाक मारायचा, "ही कुशी का ती, बाबा?" आणि वरून उत्तर यायचं, "आता देवाला विचार!" साका बसायला वेळ लागला. फ्रिजमधल्या बाटलीचं जे झालं ते मी सांगणार नाही. मेलेल्यांविषयी वाईट बोलू नये. हल्ली रविवारी ओतायचं काम यूपकडे आहे. त्याचं मनगट तिसऱ्या पेल्याशी अडखळतं. मला दात असते तर मी ते खाल्ले असते.

गढूळ उरतं ते आता आत जात नाही. ते टेबलावरच राहतं, आणि ज्याची पाळी असेल तो पितो. पाहुण्यांसमोर, उघडउघड. मला हे मुळीच पसंत नाही. नितळ बिअरच्या शेजारी गढूळ पेला दिसला की माझ्या काड्या आखडतात, आणि या वयात त्या सैल होतील असं वाटत नाही. मला कुणी विचारलेलंही नाही.

मित्रांनो, तुमच्याकडून मी फारशी अपेक्षा करत नाही. ज्यांच्या घरात बाटलीला निजायला जागा नाही, त्यांच्याकडून कसली अपेक्षा करायची? तरी सांगते. बूच असेल तर आडवी निजवा. उन्हात ठेवू नका, गोठवू नका, पायऱ्या चढताना धावू नका. पेल्याला साबण लावू नका. ओतायला लागलात की मनगट थांबवू नका. ज्या वस्तूनं तुमच्यासाठी वर्षानुवर्षं अंधारात वाट पाहिली, तिला टेबलापर्यंत नेण्याएवढी तरी सावकाशी तुमच्याकडे असू द्या.

आणि तुमच्या घरात तळाचा पेला नेहमी कुणाकडे जातो, ते बघा. तिला तोंडानं विचारा. ती म्हणेल, "मला चालतं." तेवढ्यावर उठून जाऊ नका.